हिवाळ्यात ओल्या काळ्या रानात ट्रॅक्टरच्या चाकांची पकड कशी वाढवावी

ट्रॅक्टरच्या चाकांची खरी परीक्षा पावसाळ्यात होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात भर पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर घालण्याचे धाडस फारसे कोणी करत नाही. परीक्षा होते ती नोव्हेंबरनंतर, साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाल्यावर. परतीचा पाऊस लांबलेला असतो, कृष्णा-पंचगंगेच्या काठची जमीन वरून सुकलेली पण वीतभर खाली ओलीगच्च असते, ट्रॉली उसाने काठोकाठ भरलेली असते आणि फडातून रस्त्यापर्यंतचे शेवटचे पन्नास-साठ मीटर काही केल्या सरत नाहीत. थंड मुलुखात हिवाळ्यातली अडचण बर्फाची असते. आपल्याकडे ती न वाळणाऱ्या ओलीची आहे, आणि हे लेखन त्या ओलीपुरतेच आहे.

ही ओल टिकण्याचे कारण साधे आहे. दिवस लहान असतो, ऊन तिरपे पडते, रात्री दव पडते आणि वर्ष-सव्वा वर्ष उभ्या असलेल्या उसाच्या बुडाशी ऊन जवळजवळ पोहोचतच नाही. त्यातच काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगणारी असते व ओली असताना तिचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मोठ्या टायरवरचे जे तिरपे, उंच रबरी पट्टे असतात, ज्यांना लग म्हणतात, ते जमिनीत रुततात आणि दोन लगांच्या मध्ये पकडलेल्या मातीला मागे रेटून ट्रॅक्टर पुढे जातो. ती रेटलेली माती टिकली तर पकड टिकते. ती कातरली गेली तर टायर कितीही नवा असला तरी चाक जागेवर फिरते. म्हणून उपाययोजनेचा क्रम जमिनीपासून सुरू होतो. पुष्कळ ठिकाणी तो उलटा असतो: आधी नवे टायर, मग बंपरवर दगड-लोखंड, आणि जमिनीकडे शेवटी लक्ष.

जमीन आणि वाट

तोडणीपूर्वी पंधरा ते वीस दिवस पाणी बंद करावे, हे सर्वांना ठाऊक असते. भारी जमिनीत याहून थोडा अधिक अवधी द्यावा लागतो. अडचण अशी की, तोड नेमकी कोणत्या तारखेला मिळणार हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही आणि उसाचे वजन घटेल या भीतीने शेतकरी पाणी देत राहतो. त्यावर एक मधला मार्ग आहे. संपूर्ण फडाचे पाणी तोडणे शक्य नसेल, तर ज्या बाजूने ट्रॉली बाहेर निघणार आहे तेवढ्या कडेच्या पाच-सहा सऱ्यांचे पाणी महिनाभर आधी बंद करावे आणि पाटाचे पाणी त्या वाटेवर पाझरत नाही ना, हे पाहावे. बहुतेक ट्रॅक्टर फडाच्या मध्यावर रुतत नाहीत. ते बांधाजवळच्या वळणावर, पाटाच्या फुटलेल्या तोंडापाशी किंवा रस्त्यावर चढतानाच्या उतारावर रुततात. त्या दहा-पंधरा मीटरांची काळजी घेतली तर अर्धे काम झाले.

वाफसा, म्हणजे रानात काम करण्याजोगी बेताची ओल, आहे की नाही हे वरच्या पापुद्र्यावरून ठरवू नये. वीतभर खालची माती मुठीत घेऊन तिचा गोळा करावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटला तर चाक चालेल. चपटा होऊन जमिनीला चिकटला तर एक-दोन दिवस थांबणे किंवा अर्धीच ट्रॉली भरणे हेच खरे. ऊसतोड टोळी आणि मुकादम यांना थांबवणे सोपे नसते हे मान्य आहे, परंतु ओल्या रानात भरलेल्या ट्रॉलीने पडलेली चाकोरी पुढच्या खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला, कित्येक महिने भोवते, हेही हिशेबात धरावे.

वाटेवर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, अंथरणे हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे, मात्र तो अर्धवट केला तर उलटतो. पातळ पसरलेले पाचट चाकाखाली सरकते आणि घसर वाढवते. ते किमान वीतभर जाडीचे, चाकांच्या दिशेला आडवे आणि ट्रॅक्टर त्या जागी येण्याआधीच टाकावे, म्हणजे चाकाचे वजन पडताच ते चिखलात दाबले जाऊन जाळी धरते. वाडे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत असतील तर ती खाली आणि पाचट वर अशी मांडणी चांगली बसते. कायमच्या वाटेवर मात्र मुरूम टाकून घेणे हेच अखेर परवडते.

आधी घसर मोजावी

कोणताही खर्च करण्यापूर्वी चाक किती घसरते हे मोजून पाहावे. याला कोणतेही यंत्र लागत नाही. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने एक ठळक रेघ मारावी. रिकाम्या ट्रॅक्टरने, सरळ वाटेवर, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती अंतर कापले जाते ते टेपने मोजावे. त्यानंतर त्याच जमिनीवर, त्याच गिअरमध्ये, भरलेली ट्रॉली किंवा जमिनीत घातलेले अवजार ओढत दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. १३.६-२८ मापाचा (१३.६ इंच रुंद, २८ इंची रिमचा) मागचा टायर दहा फेऱ्यांत रिकामा असताना साधारण ३९ मीटर जातो. ओझे ओढताना तो ३४ मीटर गेला तर पाच मीटर वाया गेले, म्हणजे घसर सुमारे १३ टक्के. तो ३० मीटरच गेला तर घसर २३ टक्के झाली. याचा अर्थ चार फेऱ्यांतील जवळजवळ एक फेरा डिझेल जाळून माती उकरण्यात गेला.

घसर शून्यावर आणता येत नाही आणि आणण्याचा प्रयत्नही करू नये, कारण थोडी घसर झाल्याखेरीज माती रेटलीच जात नाही. मातीत ८ ते १५ टक्के घसर ही कामाची मर्यादा समजली जाते. ती ८ टक्क्यांच्या खाली असेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे आणि ते ओझे विनाकारण जमीन दाबत आहे; १५ च्या वर जाऊ लागली की पुढील उपाय सुरू करावेत. प्रत्येक उपायानंतर पुन्हा खडू आणि टेप घ्यावा. असे मोजल्याशिवाय टायर बदलणाऱ्याला आपला पैसा कोठे लागू पडला हे कधीच कळत नाही.

हवा

पहिला उपाय फुकटचा आहे, आणि बहुधा म्हणूनच तो सर्वांत दुर्लक्षित आहे. ट्रॉलीच्या वाहतुकीसाठी मागच्या टायरमध्ये भरलेली जास्तीची हवा तशीच ठेवून ट्रॅक्टर रानात नेला जातो. टणक फुगलेला टायर जमिनीला मधल्या पट्ट्यावरच टेकतो, कडेचे लग कामालाच येत नाहीत आणि चाक खोल रुतते. साध्या नायलॉन टायरसाठी रानात १२ ते १४ पौंड (पीएसआय) हवा बहुतेक वेळा योग्य ठरते, तर भरल्या ट्रॉलीने डांबरी रस्त्यावर जाताना ती वाढवावी लागते. अचूक आकडा ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत टायरच्या मापानुसार दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानावा. हवा कमी केलेला टायर जमिनीवर लांबट पसरतो, जास्त लग एकाच वेळी रुततात आणि टायरची बाजू लवचिक झाल्यामुळे लगांमध्ये अडकलेला चिखलही सुटत राहतो.

कमी करण्यालाही हद्द आहे. फार कमी हवेत ओझे ओढताना रिम फिरते आणि टायर मागे राहतो. ट्यूब ओढली जाऊन वॉल्व्ह तिरका होतो व शेवटी तुटतो. वॉल्व्ह रिमच्या भोकात सरळ उभा आहे ना, हे रोज पाहावे; तो तिरका दिसला तर हवा कमी आहे असे समजावे.

हिवाळ्यात आणखी एक भर पडते. तापमान दहा अंशांनी उतरले की मोठ्या टायरमधील हवा सुमारे एक पौंडाने कमी दिसते. दुपारी रस्त्यावरून तापून आलेल्या टायरची हवा मोजली आणि सोडली तर पहाटे ती बरीच कमी झालेली आढळते. म्हणून हवा सकाळी, ट्रॅक्टर चालवण्याआधी, थंड टायरवर मोजावी. त्यासाठी कमी दाबाचा गेज वापरावा. ट्रकच्या टायरसाठी असलेल्या गेजवर १२ आणि १६ यांतील फरक धड वाचताही येत नाही. दोन्ही मागच्या टायरमध्ये हवा सारखी असणे हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे, अन्यथा ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि एकच चाक घसरते.

वजन

हवा बरोबर करूनही घसर १५ टक्क्यांच्या वर असेल तरच वजनाकडे वळावे. वजन कोठे द्यायचे याबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ट्रॉली ओढताना पुढची चाके उचलली जाऊ लागली की चालक पुढच्या बंपरवर लोखंडाचे तुकडे, वाळूची पोती किंवा दगड बांधतो आणि त्याने पकड वाढली असे मानतो. हिशेब करून पाहावा. पुढच्या आणि मागच्या आसांत दोन मीटर अंतर असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसापासून सत्तर सेंटिमीटर पुढे १०० किलो वजन टांगले, तर पुढच्या चाकांवर १३५ किलो येते आणि मागच्या चाकांवरचे ३५ किलो कमी होते. म्हणजे टूव्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये ज्या चाकांना पकड हवी, त्यांचेच वजन आपण उचलून घेतले. पुढचे वजन स्टिअरिंग ताब्यात राहावे म्हणून आवश्यक असते आणि ते काढून टाकू नये. परंतु ते पकडीसाठी आहे असे समजून वाढवत जाणे चुकीचे आहे. टूव्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे एकूण वजन पुढे २५ ते ३० टक्के आणि मागे ७० ते ७५ टक्के असे वाटलेले असावे. फोरव्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकेही ओढत असल्याने पुढे ४० टक्क्यांपर्यंत वजन चालते, किंबहुना ते लागतेच.

मागच्या चाकांवर वजन वाढवण्याचे दोन रूढ मार्ग आहेत: रिमला बोल्टने बसवायची बिडाची वजने आणि टायरमध्ये भरलेले पाणी. बिडाची वजने महाग पडतात, पण गरज संपली की काढता येतात. पाणी स्वस्त आहे आणि ते थेट चाकात असल्यामुळे आसावर किंवा बेअरिंगवर त्याचा भार पडत नाही. आपल्याकडे पाण्याचाच वापर जास्त होतो, तेव्हा त्याची पद्धत सविस्तर देत आहे.

ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा, लावावी. मागचा आस जॅकवर घेऊन त्याखाली लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये. चाक फिरवून वॉल्व्ह अगदी वर आणावा. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यावी आणि पाणी भरण्याचे जोड-नळकांडे बसवून पाण्याची नळी लावावी. पाणी आत जात असताना आतली हवा बाहेर पडली पाहिजे. जोड-नळकांड्याला हवा सोडण्याचे बटण नसेल तर अधूनमधून नळी काढून हवा जाऊ द्यावी लागते. वॉल्व्हच्या तोंडातून पाणी बाहेर येऊ लागले की थांबावे. वॉल्व्ह वर असताना त्याच्या पातळीपर्यंत भरलेले पाणी म्हणजे टायरचा सुमारे ७५ टक्के भाग, आणि हीच कमाल मर्यादा आहे. याहून जास्त भरले तर हवेला दबायला जागा उरत नाही, टायर दगडासारखा कडक होतो आणि पकड वाढण्याऐवजी घटते. १३.६-२८ टायरमध्ये या पातळीपर्यंत साधारण दीडशे लिटर किंवा थोडे अधिक पाणी मावते, म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून तीनशे किलोंच्या वर वजन आले. त्यानंतर पिन बसवून हवा ठरलेल्या पौंडापर्यंत भरावी. पुढे हवा तपासतानाही वॉल्व्ह वर ठेवावा, म्हणजे गेजमध्ये पाणी शिरत नाही.

पाणी थंडीत गोठेल का, अशी शंका काही जण घेतात. जेथे हिवाळाभर पारा शून्याखाली राहतो, तेथे टायरच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात आणि त्याने रिम गंजते म्हणून पुढे त्रासही सोसतात. निफाडला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले, तरी दिवसा पुन्हा ऊन पडते आणि टायरमधले दीडशे लिटर पाणी तेवढ्याने गोठत नाही. महाराष्ट्रात साधे स्वच्छ पाणी पुरेसे आहे.

रब्बीच्या नांगरटीत किंवा मोगड्यात वजन मिळवण्याचा आणखी एक मार्ग ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्येच असतो. ड्राफ्ट कंट्रोलवर, म्हणजे ओढीनुसार अवजार आपोआप वर-खाली करणाऱ्या लिव्हरवर, काम केल्यास अवजाराला ओढ वाढताच लिफ्ट त्याला किंचित उचलते आणि अवजाराचे व त्यावरील मातीचे वजन मागच्या चाकांवर येते. अनेक चालक अवजार एकाच उंचीवर धरून ठेवणारी पोझिशनचीच लिव्हर वापरतात आणि चाक घसरू लागले की हाताने अवजार वर घेतात. पुस्तिका उघडून ही लिव्हर एकदा समजून घेण्यासारखी आहे.

लग, दिशा आणि लोखंडी चाके

नव्या टायरचा लग साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर उंच असतो. झिजलेला टायर कोरड्या, टणक जमिनीवर चांगला ओढतो, त्यामुळे मालकाला तो अजून वर्षभर चालेल असे वाटते. ओल्या मातीत मात्र तो लगेच उघडा पडतो. लग मूळ उंचीच्या पाव हिश्शावर आले असतील तर हंगामापूर्वी टायर बदलावा. टायर बसवताना बाजूवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेने आहे ना, हे तपासावे. लगांच्या जोडीचे मधले टोक जमिनीला आधी लागले पाहिजे, म्हणजे चिखल बाहेरच्या बाजूंना फेकला जातो. उलट बसलेल्या टायरमध्ये तो मध्यभागी कोंडतो. पंक्चर काढल्यानंतर टायर उलटा बसण्याचे प्रकार वाटतात त्यापेक्षा जास्त घडतात.

भातखाचरात चिखलणीसाठी वापरली जाणारी लोखंडी केजव्हील उसाच्या फडात फारशी उपयोगी नाहीत. ती पाण्याने भरलेल्या खाचरासाठी आहेत, आणि ती लावून डांबरी रस्त्यावर येणे तर सर्वथा टाळावे.

चालवण्याची रीत

भरलेली ट्रॉली हलवताना खालचा गिअर निवडावा, क्लच सावकाश सोडावा आणि इंजिनाची गती मध्यम ठेवावी. ओल्या पट्ट्याच्या मध्यभागी गिअर बदलू नये. पट्टा येण्याआधीच गिअर ठरलेला असावा. दोन ट्रॉल्या असतील तर त्या फडातून एकेक करून काढाव्यात आणि रस्त्यावर जोडाव्यात. दहा मिनिटे जातात, पण दोन तासांचा खोळंबा वाचतो.

एक चाक फिरते आणि दुसरे स्थिर राहते, अशा वेळी दोन्ही मागची चाके एकत्र फिरायला लावणारा डिफरन्शियल लॉक कामास येतो. तो चाक वेगाने फिरत असताना दाबू नये, आतले दाते तुटतात. क्लच दाबून चाके थांबवावीत, लॉकचे पॅडल दाबावे आणि मग सरळ पुढे जावे. लॉक असताना ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून वळणाआधी तो सुटला आहे याची खात्री करावी.

चाक दोन-तीन फेरे जागेवर फिरले की थांबावे. ॲक्सिलेटर दाबून ट्रॅक्टर निघेल या आशेने चाके आसापर्यंत गाडून घेण्यात काही अर्थ नसतो. ट्रॉली सोडावी, ट्रॅक्टर रिकामा बाहेर काढावा, चाकांपुढची माती फावड्याने उतरती करून पाचट भरावे आणि टणक जागेवरून लांब साखळीने ट्रॉली ओढावी. साखळी किंवा दोर नेहमी ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या आसाच्या खालच्या पातळीवर बांधावा. टॉप लिंकच्या (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा आसाहून उंच बांधल्यास ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहून चालकावर उलटतो, आणि हे घडायला एक-दोन सेकंद पुरतात. रुतलेल्या मागच्या चाकांना साखळीने लाकडी ओंडका बांधून बाहेर पडण्याचा प्रकारही तितकाच घातक आहे: ओंडक्याने चाक अडते, इंजिनाची ताकद चाक फिरवू शकत नाही आणि ती ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलते. दुसऱ्या ट्रॅक्टरने टोचन देताना, म्हणजे साखळीने ओढून काढताना, ताणलेल्या साखळीच्या आसपास कोणीही उभे राहू नये. टोळीतली मुले अशा वेळी हमखास जवळ येतात, त्यांना आधी लांब पाठवावे.

फडातून रस्त्यावर आल्यावर दोन कामे उरतात. रानासाठी कमी केलेली हवा कारखान्याच्या वाटेला लागण्यापूर्वी पुन्हा वाढवावी, नाहीतर भरल्या ट्रॉलीच्या ओझ्याने आणि वेगाने टायरच्या बाजू तापून फाटतात. छोटा कॉम्प्रेसर सोबत असेल तर हे काम बांधावरच उरकते. आणि लगांत अडकलेला चिखल खुरप्याने काढून, डावे-उजवे ब्रेक पॅडल एकत्र जोडून मगच निघावे, कारण दव पडलेल्या डांबरावर सांडलेला काळा चिखल पहाटे अतिशय निसरडा असतो आणि एकाच चाकाला लागलेला ब्रेक मागे दोन ट्रॉल्या असलेल्या ट्रॅक्टरला रस्त्यात आडवा करतो.